किती जण सुरू करतात, किती जण संपवतात

नर्सिंग शिकायचं ठरवलंय असं सांगितलं की आपली माणसं आधी जरा गप्प होतात. मग कोणीतरी सावरून घेतं, "म्हणजे हॉस्पिटल मॅनेजमेंट ना?" नाही. नर्सिंगच. रुग्णाच्या उशाशी उभं राहून करायचं ते काम. न्यू जर्सीतल्या गणपतीच्या मांडवात आणि पुण्यातल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न सारखाच आला. मला त्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. डॉक्टर झालेल्या पुतण्याचं कौतुक ज्या घरात महिनाभर चालतं, त्याच घरातली आजी शेवटचे पंधरा दिवस ज्या सिस्टरच्या हातून पाणी प्यायली, तिचं नाव घरात कोणालाही सांगता येत नाही.

माझी मावशी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स होती, परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख नर्स म्हणून निवृत्त झाली. सुट्टीत तिच्याकडे राहायला गेलं की ती रात्रपाळी करून सकाळी घरी यायची, आंघोळ करून आमच्यासाठी पोहे करायची आणि मग झोपायची. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलं, एका औषध कंपनीच्या क्यूसी (दर्जा तपासणाऱ्या) लॅबमध्ये नोकरी केली, लग्न झालं, नवऱ्याच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाबरोबर एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर इकडे अमेरिकेत आले. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. मग काय करायचं, हा प्रश्न इथल्या हजारो मराठी घरांत रोज संध्याकाळी चहाबरोबर असतो. बऱ्याच जणी टेस्टिंगचा किंवा डेटाचा कोर्स करतात. मला पुन्हा माणसांच्या शरीराजवळ जायचं होतं.

अमेरिकेत अशांसाठी एक वाट आहे. दुसऱ्या कुठल्याही विषयातली पदवी हातात असेल, तर चार वर्षांचं बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी, इथं साधारण 11 ते 18 महिन्यांत करता येतं. त्याला अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन, थोडक्यात एबीएसएन म्हणतात. सेंट लुइस युनिव्हर्सिटीने 1971 साली हा प्रकार पहिल्यांदा सुरू केला, आता तो देशभर आहे. भारतात असं काही नाही. तिथे नर्सिंगला यायचं तर बारावीनंतर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, नाहीतर जीएनएम हा डिप्लोमा. वयाच्या अडतिसाव्या वर्षी बी.एस्सी.वाल्या बाईला "ये, तुझं आधीचं शिक्षण धरून पुढे शिकवतो" असं म्हणणारं दार आपल्याकडे नाही, आणि ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दार आहे, पण उंबऱ्यावर कागद फार. आपल्या तीन वर्षांच्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. एकाच पदवीला एक संस्था अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची मानते, दुसरी तिला फक्त तीन वर्षांचं कॉलेज म्हणून मोजते. शिवाय कुठल्या संस्थेचा अहवाल चालेल, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. त्यामुळे एक पैसा भरायच्या आधी, "पुण्याची तीन वर्षांची पदवी तुमच्याकडे चालते का" हे अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करून लेखी उत्तर घ्यावं. फोनवरचं "आय थिंक सो" धरून चालू नये.

आपल्या बायकांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. माझ्या मार्कशीटवर आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. चार शब्दांतला एकच दोन्हीकडे सारखा. इथल्या माणसाला वाटतं या दोन वेगळ्या बायका आहेत. त्यात पदवीवर पुणे विद्यापीठ आणि नव्या ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाने दिलेल्या अधिकृत गुणपत्रकावर) सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कारण नाव 2014 मध्ये बदललं. प्रतिज्ञापत्र, मॅरेज सर्टिफिकेट आणि नावबदलाबद्दलचं स्पष्टीकरण असं सगळं जोडलं. माझा भाऊ विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्टचं बंद पाकीट घेऊन आला, पाकिटाच्या चिकटवलेल्या तोंडावर शिक्का. सावित्रीबाई 1897 च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या. नर्सिंगच्या अर्जावर त्यांचं नाव छापलेलं जाणार याचं मला फार बरं वाटलं.

मग पूर्वअटीचे विषय. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग लॅबसकट, मायक्रोबायोलॉजी लॅबसकट, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, मानवी विकासाचं मानसशास्त्र, बहुतेक ठिकाणी न्यूट्रिशन. शास्त्राचे विषय पाच, सात किंवा दहा वर्षांच्या आतले हवेत, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. म्हणजे ज्या विषयात माझी पदवी, ज्याच्यावर मी पगार घेतला, तोच विषय एडिसनच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये पुन्हा. नवरा म्हणाला, "हा अन्याय आहे." मला तसं वाटलं नाही. पहिल्या लॅबला ग्रॅम स्टेनिंग होतं, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखायचे. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रनिन. स्लाइड तिरपी धरून अल्कोहोल सोडायचं आणि जांभळा रंग उतरायचा थांबला की त्याच क्षणी पाण्याखाली धरायची, एक-दोन सेकंद जास्त झाले तर सगळंच गुलाबी दिसतं. हाताला ते आठवत होतं. माझ्या टेबलावर एकोणीस वर्षांचा मुलगा होता, त्याची स्लाइड दोनदा फसली, तिसऱ्यांदा मी त्याचं मनगट धरून त्याला थांबायची वेळ दाखवली. कंपनीत हेच करताना माझ्यासमोर बॅच नंबर असायचा. इथे सर म्हणाले, "हा नमुना घशाचा आहे असं समजा, आणि ज्याचा घसा आहे तो खोलीबाहेर बसलाय." त्याच दिवशी माझं पक्कं झालं.

तो 2023 चा उन्हाळा आणि पावसाळी शरद. ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या न्यू ब्रन्सविकला रॉबर्ट वूड जॉन्सन युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या सुमारे 1,700 नर्सेस संपावर गेल्या आणि संप डिसेंबरपर्यंत चालला. मुख्य मागणी पगाराची नव्हती. एका नर्सकडे किती रुग्ण असावेत, याचा आकडा करारात लिहून हवा होता. मी अ‍ॅनाटॉमीच्या क्लासला जाताना मुद्दाम त्या रस्त्याने जायचे. मावशीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे रात्री एका सिस्टरकडे चाळीस-पन्नास असायचे गं, सलाइन बदलायला माणूस नसायचा." त्या नर्सेस काय मागत होत्या हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

टीज नावाची प्रवेश परीक्षा असते: वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी, 170 प्रश्न, 209 मिनिटं. काही विद्यापीठं तिच्याऐवजी हेसी ही दुसरी परीक्षा मागतात, काही दोन्ही मागत नाहीत. दहावी-बारावी आपल्याकडे केलेल्या माणसाला ती अवघड नाही, वेळ लावून सराव केला की पुरे. शिफारसपत्रांचं मात्र लवकर बघावं. आपले कॉलेजचे सर निवृत्त झालेले असतात, त्यांच्याकडे संस्थेचा ईमेल नसतो आणि अर्जाच्या पोर्टलला तोच हवा असतो. माझं पत्र अ‍ॅनाटॉमीच्या मॅडमनी दिलं. एच-फोरवर असल्याने फेडरल कर्ज मिळत नाही, खासगी कर्जाला बहुधा ग्रीन कार्डवाला किंवा नागरिक असलेला जामीनदार लागतो. शिकायला मात्र एच-फोरवर बंदी नाही, एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा करावाच लागतो असं नाही. हे ठाऊक नसल्यामुळे थांबलेल्या दोघी मला भेटल्या.

आता निवडीकडे येते, कारण हे सगळं लिहायला बसले ती त्यासाठी.

एबीएसएनबद्दल कोणालाही विचारा, दोन आकडे सांगतील. किती महिने आणि एनक्लेक्सचा निकाल किती. एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा. संगणक उत्तरं बघून पुढचा प्रश्न ठरवतो, 85 ते 150 प्रश्न येतात, वेळ पाच तास. एप्रिल 2023 पासून तिचं रूप बदललं, आता एकाच रुग्णाची केस घेऊन टप्प्याटप्प्याने निर्णय विचारतात. पहिल्याच प्रयत्नात किती विद्यार्थी पास झाले ते राज्यांची नर्सिंग बोर्डं जाहीर करतात. हा आकडा बघायलाच हवा. सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, तेही. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडातल्या तीन शाळांमधून 7,600 च्या वर बनावट नर्सिंग डिप्लोमे विकले गेल्याचं प्रकरण बाहेर आलं, त्यानंतर तर कागदोपत्री खात्री न करता कुठे पैसे भरणं म्हणजे धाडसच.

पण निकालाच्या आकड्यात एक माणूस नसतो. मध्येच गळालेला.

माझी एक मैत्रीण, नागपूरची, बी.कॉम. झालेली, एका बारा महिन्यांच्या प्रोग्रॅमला गेली. हुशार, कष्टाळू, दोन मुलं. या प्रोग्रॅम्समध्ये पास व्हायला 40 टक्के पुरत नाहीत, बहुतेक ठिकाणी 75 ते 80 च्या मधला एखादा आकडा असतो आणि टक्के वरच्या पूर्णांकाला ओढत नाहीत. औषधाच्या डोसाच्या गणिताला तर 90 किंवा 100 च लागतात, आणि ते योग्यच आहे. तिला मेडिकल-सर्जिकल या विषयाला 77 हवे होते, मिळाले 76.4. तो विषय पुन्हा पुढच्या वर्षी, तोपर्यंत बाकी सगळं थांबलं. त्या वर्षात सासरे आजारी पडले, ती परत गेलीच नाही. कर्ज राहिलं. त्या प्रोग्रॅमचा त्या वर्षीचा एनक्लेक्सचा निकाल नव्वदीच्या वर होता. असणारच. ती परीक्षेला बसलीच नव्हती.

काही ठिकाणी आणखी एक चाळणी लावतात. सगळे विषय पास झाल्यावर एक शेवटची सराव परीक्षा ठराविक गुणांनी पास व्हावीच लागते, तोवर पदवी पूर्ण झाल्याचं पत्र बोर्डाकडे जात नाही. ज्यांच्या नापास होण्याची शक्यता दिसते ती माणसं एनक्लेक्सच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. निकाल मात्र झळकतो.

म्हणून मी सीसीएनईचे निकष काढून वाचले. 2018 च्या निकषांत एनक्लेक्सच्या निकालाची किमान मर्यादा 80 टक्के होती आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांची 70 टक्के. म्हणजे किती जणांनी सुरू केलं आणि किती जणांनी संपवलं, हा आकडा मान्यता असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमकडे असतो. पण पुढे एक मुभा दिलेली होती: कौटुंबिक जबाबदाऱ्या, स्थलांतर, पैशाची अडचण अशा कारणांनी सोडून गेलेल्यांना या हिशेबातून वगळता येत होतं. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आजारी सासरे, नवऱ्याची दुसऱ्या राज्यात बदली, संपलेली शिल्लक. आमच्यासारख्या बाया याच कारणांनी सोडतात. नागपूरच्या माझ्या मैत्रिणीला त्या आकड्यातूनही बाहेर काढता आलं असतं.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारायला लागले: मागच्या बॅचमध्ये किती जण आले, किती जण वेळेत बाहेर पडले, आणि जे मागे राहिले त्यांचं तुम्ही काय केलंत?

एका हायब्रिड प्रोग्रॅमने तर मला भंडावून सोडलं होतं. लेक्चर्स ऑनलाइन आणि क्लिनिकल, म्हणजे रुग्णांवरचं प्रत्यक्ष काम, घराजवळच्या हॉस्पिटलात, अशी ती सोय. अशा प्रोग्रॅम्सच्या भरतीचं काम पुष्कळदा बाहेरच्या कंपनीकडे असतं. सल्लागार बाई गोड बोलायच्या, दर दोन दिवसांनी फोन, "जागा भरत आल्या आहेत." हा प्रश्न विचारला तर म्हणाल्या, "आमचे विद्यार्थी फार जिद्दी असतात." घराजवळचं हॉस्पिटल म्हणजे कोणतं, हेही त्यांना सांगता येईना. क्लिनिकलची जागा आधी ठरलेली आहे की आपल्यालाच शोधायची आहे, हे लेखी घेतल्याशिवाय अशा ठिकाणी सही करू नये. ती दीड तासावर रविवारी पहाटे असू शकते, आणि ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना रविवारची पहाट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

फिलाडेल्फियाच्या बाजूचा एक खासगी प्रोग्रॅम खरोखर उत्तम होता. वर्षाच्या आत पदवी, मोठं हॉस्पिटल, नावाजलेली मंडळी. खासगी विद्यापीठात 60-70 हजार डॉलर सहज लागतात, काही ठिकाणी त्याहून पुष्कळ जास्त, तसे इथेही लागणार होते. त्यांनी माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं: विषय राहिला तर पुढच्या बॅचमध्ये जागा असली तर मिळेल, नसली तर नाही. मला हा सरळपणा आवडला. पण माझ्या घरचं गणित त्यात बसत नव्हतं.

सरकारी विद्यापीठात मी स्किल्स लॅब बघायला गेले. एक वयस्कर प्राध्यापिका पुतळ्याच्या हातातली नकली शीर बदलत होत्या. मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी हातातलं काम थांबवलं, ग्लोव्ह्ज काढले आणि स्टुलावर बसल्या. "दर बॅचला काही जण अडखळतात," त्या म्हणाल्या, "आणि बहुतेक पहिल्याच टर्मला फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात. पाचव्या आठवड्यात ज्याचे गुण खाली आहेत त्याला आम्ही बोलावतो, तो येईपर्यंत वाट बघत नाही. तरीही जमलं नाही तर त्याला हळू चालणाऱ्या तुकडीत घालतो, बाहेर काढत नाही." मग त्यांनी मागच्या तीन बॅचचे आकडे सांगितले, वहीत न बघता, आणि जे गेले त्यांतल्या दोघांची कारणंही. नावं घेतली नाहीत, पण ती माणसं त्यांच्या लक्षात होती.

सिम्युलेशनचंही, म्हणजे पुतळ्यावरच्या सरावाचंही, मी तिथेच विचारलं. 2014 च्या एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात असं दिसलं, की चांगल्या दर्जाचं सिम्युलेशन असेल तर क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास त्यावर काढले तरी शिकण्यात कमतरता येत नाही. त्याचा आधार घेऊन काही जण निम्मे तास पुतळ्यावरच भागवतात. बाई म्हणाल्या, पुतळा कधी लाजत नाही, रडत नाही, आणि त्याचे नातेवाईक भांडत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बराच कमी वेळ पुतळ्यावर आणि बाकीचा वॉर्डात. मला वॉर्डच हवा होता.

सरकारीचे सोळा महिने. खासगीपेक्षा चार-पाच महिने जास्त, म्हणजे तेवढ्या महिन्यांचा पगार बुडणार. नवऱ्याने कागदावर मांडून दाखवलं. मी त्याच कागदावर दुसरी ओळ लिहिली: एक विषय राहिला तर काय? खासगीच्या खाली एक वर्ष आणि बहुतेक सगळी फी, इकडे एक टर्म. तो म्हणाला, "तुझा विषय राहणार नाही." मी म्हटलं, "माझी आई सत्तरीच्या पुढे आहे, तुझी बाबांना घेऊन एकटी राहते. आपल्या घरात कधीही रात्री दोनला फोन वाजू शकतो." तो कागद बाजूला ठेवून तो चहा करायला उठला.

कम्युनिटी कॉलेजचं दोन वर्षांचं एडीएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलरच्या खालची पदवी, करावं का, हाही विचार केला. खर्च फारच कमी, एनक्लेक्स तीच, लायसन्स तेच. पैसे आणि वय पाहून कोणी ती वाट घेत असेल, तर तिला कमी लेखायचं काही कारण नाही. पण मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात, आणि शेजारच्या न्यूयॉर्कने तर 2017 मध्ये कायदाच केला की नव्या नर्सने लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बॅचलर पूर्ण करायचं. माझ्याकडे आधीची पदवी आहे, ती वापरली जावी असं वाटलं.

सरकारी विद्यापीठातली जागा धरून ठेवायचं डिपॉझिट भरलं त्याच रात्री बाकीच्या ठिकाणी नकाराचे मेल पाठवले. पुष्कळ जण शेवटच्या तारखेपर्यंत दोन-तीन जागा अडवून बसतात. वेटलिस्टवर बसलेल्या कोणाला तरी मुलांच्या शाळेची, घरभाड्याची, नोकरी सोडायच्या नोटिसीची सोय करायची असते. तिला चार आठवडे आधी कळलं तर फार फरक पडतो.

सध्या आरोग्याचे कागद चालू आहेत. गोवर, कांजिण्या, हेपटायटिस बी यांच्या अँटिबॉडी आहेत का ते रक्तातून बघतात, लहानपणीचं लसीचं पिवळं कार्ड बहुतेक ठिकाणी पुरत नाही. टीबीसाठी मात्र एक सांगते, आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो, त्यामुळे त्वचेवरची चाचणी पुष्कळदा उगाच पॉझिटिव्ह येते आणि मग छातीचा एक्स-रे, पत्रव्यवहार, धावपळ. थेट क्वान्टिफेरॉनची रक्तचाचणी मागून घ्या. माझी मंगळवारी आहे.